मॅलाकाइटमधून (तांब्याचं हिरवं कार्बोनेट खनिज) एक किलो तांबं काढायला किती सल्फ्युरिक ॲसिड लागतं?

कागदावर १.५४ किलो. ॲसिडचा रेणुभार ९८ भागिले तांब्याचा अणुभार ६३.५, झालं. पण याच आकड्यावर ॲसिडची ऑर्डर देणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली आहेत, म्हणून जरा जास्त लिहितो.

तांबं ॲसिड खात नाही हो, उसनं घेतं. खनिजाच्या ढिगावर ॲसिड सोडून तांबं विरघळवायचं; मग सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनमध्ये ते तांबं ऑरगॅनिकमध्ये, म्हणजे तेलासारख्या द्रावकात, गेलं की तेवढं ॲसिड रॅफिनेटमध्ये, म्हणजे तांबं काढून उरलेल्या द्रावणात, परत येतं आणि पुन्हा ढिगावर जातं. खातो तो दगड. शंभर किलो कॅल्साइटला (कॅल्शियम कार्बोनेट) ९८ किलो, डोलोमाइटला (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) १०६. खनिजात एक टक्का कार्बोनेट असलं तरी टनामागे दहा किलो गेलं. ते परत येत नाही. वर त्याचं जिप्सम होऊन ढिगात बसतं आणि पाणी अडवतं.

मी काँगोत, कटंगात, लिकासीजवळ एका छोट्या हीप लीचिंग (असंच ढिगावर ॲसिड सोडायच्या) प्लांटवर होतो. साहेब सोलापूरकडचे. खाणीतून आलेला दगड उचलायचा आणि त्यावर हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकायचा, ही त्यांची लॅब. हिरव्या डागावर फसफसायचं, ते मॅलाकाइटच. बाजूचा राखाडी दगड गप्प. "बघ, चुना नाही. दोन टक्के तांबं, टनाला पस्तीस किलो धर."

म्हटलं, साहेब, हा डोलोमाइट आहे, थंड पातळ ॲसिडला तो अख्खा असताना दाद देत नाही. कुटून टाका. त्या पट्ट्यातलं तांबं डोलोमाइटी खडकांतच आहे, हे तिथल्या ड्रायव्हरलाही माहीत होतं. मी भुकटी करून ४८ तास बॉटल रोल लावला, म्हणजे भुकटी ॲसिडसकट बाटलीत फिरवत ठेवली. टनाला ७४ किलो. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तू लॅबमध्ये भुकटी करतोस. मी ढिगावर भुकटी टाकतो का?"

तिसऱ्या महिन्यात टाकी कोरडी. ॲसिड झांबियाच्या स्मेल्टरांतून टँकरने यायचं आणि टँकर कासुम्बालेसाच्या सीमा नाक्यावर रांगेत उभे. तीस दिवसांचा साठा आहे असं आम्ही धरून चाललो होतो, तो जेमतेम अर्धे दिवस पुरला. रॅफिनेटचा पीएच दीडवर ठेवायचा तो तीनच्या वर गेला, लोखंड ढिगातच बसायला लागलं, खाली येणाऱ्या द्रावणातलं तांबं उतरलं. नऊ दिवस कॅथोड (शुद्ध तांब्याचे तयार पत्रे) नाही. मुंबईला फोन गेला: "टँकर अडकलेत." खोटं नव्हतं.

तेव्हा ऑर्डरच्या आधी ॲसिड कन्झम्प्शन टेस्ट करा, आणि नमुना वरच्या थराचा नको, पूर्ण खोलीच्या कोअरचा (ड्रिलने काढलेल्या दगडाच्या कांडीचा) घ्या. वरच्या थरातलं कार्बोनेट पावसाने धुऊन गेलेलं असतं, खाली गेलात की गणित बदलतं. क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड) असेल तर नुसत्या ॲसिडने अर्धंच तांबं विरघळतं, उरलेलं धातू होऊन बसतं; त्याला फेरिक लोखंड किंवा हवा लागते. क्रिसोकोला (तांब्याचं सिलिकेट) सावकाश सुटतो, त्याला दिवस द्या.

आणि हो, वर्षाअखेरीस हिशोब मांडला तेव्हा ढिगावरचा खरा खप टनाला ६० किलोच्या आसपास निघाला. ढिगात खडी असते, भुकटी नाही, त्यामुळे बाटलीतला आकडा जास्त येतो. तेवढ्यापुरते साहेब बरोबर होते. पण पस्तीस नव्हे.