1965 ची मस्टँग कन्व्हर्टिबल पुन्हा उभी करायची आहे. ओरिजिनल पार्ट अजून मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की फिलाडेल्फियाजवळ एका शेतावरच्या कोठारात ही गाडी बारा वर्षं उभी आहे, मालक 'सगळं ओरिजिनल आहे' म्हणतोय, आणि जे नसेल ते ओरिजिनलच शोधून बसवायचा तुमचा बेत आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला घरच्या गराजमध्ये ह्याच वर्षाची, ह्याच जातीची गाडी सहा वर्षं खपून रस्त्यावर आणली. म्हणून सविस्तर लिहितो.

पार्टांची टंचाई अजिबात नाही. एप्रिल 1964 मध्ये फोर्डची मस्टँग बाजारात आली आणि 1965 चं मॉडेल संपेपर्यंत पावणेसात लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यांतल्या लाखभर टपाच्या, म्हणजे दुमडत्या कापडी छताच्या कन्व्हर्टिबल. एवढं गिऱ्हाईक असल्यावर माल बनवणारेही निघणारच. आज बोल्टपासून डॅशबोर्डपर्यंत जवळपास सगळं नव्याने बनतं. फोर्डच्या परवान्याने कन्व्हर्टिबलची अख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी मिळते.

मिळतं सगळं. बसत नाही, ही खरी कटकट.

माझं बालपण कुर्ल्याचं. सीएसटी रोडवर सुट्या पार्टांच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'कंपनीचा देऊ की लोकल?' इथेही तेच, फक्त नावं वेगळी. एक, त्या काळी फोर्डने बनवलेला आणि कधीच न वापरलेला, डब्यातला पार्ट. ह्याला एनओएस (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणतात आणि भाव ऐकून माणूस खाली बसतो. दोन, दुसऱ्या गाडीवरून काढलेला वापरलेला. तीन, आज बनवलेला. मी पहिल्या वर्षी हुशारी केली. गंजलेली दोन्ही पुढची फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, भंगारात दिली आणि चकचकीत नवी मागवली. दाराशी वर दोन मिलिमीटर फट, खाली बोट जाईल एवढी. हेडलाइटजवळची वळण-रेषा बोनेटच्या रेषेला भेटायलाच तयार नाही. महिनाभर ठोकाठोकी करून शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून जुनी, खालून कुजलेली फेंडर आणली आणि फक्त खालच्या पट्ट्या नव्या पत्र्याच्या जोडल्या. ती पहिल्या फटक्यात बसली. मी फेकलेली जोडी त्याहून बरी होती, हे आठवलं की अजून जीव जळतो.

त्यामुळे गाडीवर जे आज आहे, मग ते कितीही भिकार दिसो, नवं बसून चालेपर्यंत फेकू नका. प्रत्येक स्क्रू पिशवीत, पिशवीवर नाव, आणि उघडण्याआधी फोटो.

आता ओळखायचं कसं. फोर्डच्या पार्टांवर नंबर असतात आणि ते वाचायला शिकलात की विक्रेत्याच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही. सी5झेडझेड असं काही सुरुवातीला दिसलं, तर सी म्हणजे साठचं दशक, 5 म्हणजे 1965, त्यापुढचा झेड मस्टँगचा. तिथे डी असेल तर फाल्कन, ओ असेल तर फेअरलेन, ह्या फोर्डच्याच दुसऱ्या गाड्या. मधला आकडा पार्टची जात सांगतो: 9510 कार्ब्युरेटर, 12127 डिस्ट्रिब्यूटर, 10300 ऑल्टर्नेटर. मात्र ओतीव लोखंडावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर तंतोतंत एक नसतो, त्याने गोंधळू नका. तारीखही असते. 5सी18 म्हणजे 18 मार्च 1965. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलाय, म्हणून डिसेंबर एल नसून एम. तुमची गाडी एप्रिलची आणि इंजिनचा ब्लॉक ऑगस्टचा असेल, तर ते इंजिन नंतर कुणीतरी बसवलेलं आहे.

हीच परीक्षा आधी गाडीची घ्या. बोनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर कोरलेला नंबर वाचा. पहिला 5 वर्षाचा. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटचन. त्यापुढे 08 हवाच, तो कन्व्हर्टिबलचा. 07 दिसलं तर ती बंद छताची गाडी कापून टप बसवलेली आहे, सरळ घरी या. त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं. सी म्हणजे 289 घनइंची, दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं, 200 हॉर्सपॉवरचं. दारावरच्या माहितीच्या पट्टीवर विसंबू नका, ती हुबेहूब नवी छापून मिळते. आणि मार्टी रिपोर्ट नावाचा जो कारखान्याच्या नोंदींचा दाखला लोक दाखवतात, तो 1967 पासूनच्या गाड्यांचा. 65 ला त्याचा उपयोग नाही.

माझ्या गाडीवर टी आहे. मेटचन म्हणत असले तरी तो कारखाना एडिसनमध्येच होता, रूट वनवर. 2004 मध्ये बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. ओक ट्री रोडला भाजीला जाणाऱ्या आमच्या मंडळींपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसतं. मी मात्र येईल त्या पाहुण्याला तिथे नेतो. बायकोला ह्याचा वैताग आहे.

टपाच्या गाडीचं दुखणं वेगळं. छत नाही म्हणून सगळा जोर खालच्या पत्र्यावर येतो. त्यासाठी दाराखालच्या पेट्या आतून जाड केलेल्या असतात आणि सीटखाली आडवी मजबुती असते. नेमकं तेच कुजतं. हे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घ्यायचे, गाडी चाकांवर उभी असते तशी टेकवायची. मी घाईत मधोमध जॅक लावला आणि दार उघडेना. गाडी केळ्यासारखी वाकली होती. परत सरळ करायला दोन शनिवार-रविवार गेले.

खास कन्व्हर्टिबलचे म्हणून जे पार्ट आहेत, तेच मिळायला अवघड: टपाचा सांगाडा, काचेवरची आडवी चौकट, मागच्या खिडक्यांची यंत्रणा. गाडी घेताना हे जागेवर आहेत ना, एवढं बघाच. दारं, फेंडर, बोनेट, इंजिन, चाकं बंद छताच्या गाडीचीच चालतात, आणि 66 ची बरीचशी 65 ला लागतात. कापड, गाद्या, टपाच्या केबल नव्याच घ्या.

रबर तर डब्यातलं जुनं कधीच घेऊ नका. साठ वर्षांचं एनओएस रबर बिस्किटासारखं तुटतं. ब्रेकच्या बाबतीतही मी हट्ट सोडला. 65 च्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मी दोन कप्प्यांचा बसवला आणि जुना डब्यात ठेवलाय, पुढच्या मालकाला हवा असेल तर.

खरेदीसाठी दोन जत्रा तुमच्या हाताशी आहेत. जूनमध्ये कार्लाइलला फक्त फोर्डवाले जमतात, ऑक्टोबरमध्ये हर्शीला सगळेच. हर्शीला पहाटे टॉर्च घेऊन जा, चांगला माल उजाडायच्या आत उठतो. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पुटी भरलेल्या पत्र्याला ते चिकटत नाही. घासाघीस चालते, पण कुर्ल्यासारखी अर्ध्यापासून सुरू करू नका, म्हातारे विक्रेते तोंड फिरवतात.

कोठारात जाल तेव्हा बरोबर दोन बाटल्या पाणी न्या. काचेच्या पायथ्याशी जी हवेची जाळी आहे, तिच्यात दोन्ही टोकांना एकेक बाटली ओता आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. गालिचा भिजला, तर जाळीखालची पेटी आतून सडलीय. ती उघडायला वेल्डिंगचे कित्येक टाके एकेक करून ड्रिलने काढावे लागतात. अशा वेळी मालकाला भाव निम्मा करायला सांगा. नाही म्हणाला तर नंबरचा फोटो मला इथे पाठवा, पण सही करू नका.