इलास्टिकसर्चचे जुने स्नॅपशॉट (बॅकअप) डिलीट होत नाहीत, हातानं फाइली उडवल्या तर चालेल का?

नाही चालणार, आरएम (फाइल उडवायची लिनक्सची कमांड) मारू नका दादा.

तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या ऑफिसला तीन नोडचा (म्हणजे तीन सर्व्हरवर मिळून चालणारा) इलास्टिकसर्च, म्हणजे डेटा साठवून शोधायचं सॉफ्टवेअर, आहे, बॅकअप एनएफएसच्या (नेटवर्कवरनं सगळ्या सर्व्हरना दिसणाऱ्या) शेअर फोल्डरवर जातो, नवा स्नॅपशॉट कसातरी होतो पण जुना डिलीट करताना लॉगमध्ये ॲक्सेस डिनाइड येतं, तेपण कधी येतं कधी नाही, आणि मध्ये एक सर्व्हर बदललाय. ते सर्व्हरचं तुम्ही जाता जाता लिहिलंय पण दुखणं तिथंच असणार बघा. मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचे सर्व्हर बघतो, आमच्याकडं डिट्टो हेच झालेलं.

शार्डच्या (डेटाच्या तुकड्यांच्या) फाइली लिहितो डेटा नोड, पण स्नॅपशॉट डिलीट करायचं काम मास्टर (नोडांमधला म्होरक्या) करतो. आता इलास्टिकसर्चचं पॅकेज टाकलं की त्याच नावाचा युजर तयार होतो आणि त्या मशीनवर जो युआयडी (युजरचा नंबर) मोकळा असेल तो त्याला मिळतो, म्हणजे नाव तिन्हीकडं सेम पण नंबर वेगळा असू शकतो, आणि एनएफएस साधारणपणे नंबरच बघतं. त्यात लिनक्सवर फाइल उडवायला त्या फाइलची नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याची राइट परमिशन लागते. नव्या सर्व्हरनं बनवलेल्या फोल्डरात जुना मास्टर हात लावू शकत नाही, विषय संपला. लाइट जाऊन आली, नोड रिस्टार्ट झाले, मास्टर बदलला की वेगळेच फोल्डर अडतात, म्हणून ते कधी होतं कधी नाही वाटतं.

खात्री करायला बॅकअपच्या फोल्डरात जाऊन इंडायसेस नावाच्या फोल्डराच्या आत एलएस (यादी दाखवणारी कमांड) मारा, पण एल बरोबर एन पण लावा म्हणजे नावाऐवजी नंबर दिसतील. एका फोल्डरवर ९९८ आणि शेजारच्यावर ९९५ असलं काही दिसलं की चोर सापडला. व्हेरिफाय (सगळ्या नोडना बॅकअपच्या जागी लिहिता येतं का ते तपासणारी कमांड) पण मारून बघा, रिपॉझिटरी (बॅकअपची ती जागा) जोडताना ते पास झालं असेल पण सर्व्हर बदलल्यावर परत कोण चालवतंय.

उपाय म्हणजे बदललेल्या नोडवर सर्व्हिस बंद करून युजरमॉडनं युआयडी आणि ग्रुपमॉडनं जीआयडी (ग्रुपचा नंबर) बाकीच्यांसारखा करायचा, त्या नोडचे डेटा आणि लॉगचे फोल्डर चोन (फाइलीचा मालक बदलायची कमांड) करायचे, कॉन्फिगच्या फोल्डरचा ग्रुपपण नव्या जीआयडीवर आणायचा (युजरमॉड फक्त होम फोल्डरचं बघतं, हे बरेचजण विसरतात आणि मग नोडच उठत नाही), शेवटी बॅकअपचा फोल्डर सगळा चोन. एनएफएस सर्व्हर तुमच्या हातात असेल तर ऑल स्क्वॉश लावून सगळ्यांना एकाच नंबरवर आणलं तरी जमतं, पण तिथंपण जुन्या फाइलींचं चोन करावंच लागतं.

आता आरएम का नको. स्नॅपशॉट इन्क्रिमेंटल असतात, म्हणजे फक्त बदललेलं नव्यानं लिहितात, आजच्या स्नॅपशॉटमध्ये सहा महिन्यांपूर्वीची फाइल वापरात असू शकते, तारीख बघून उडवाल तर रिस्टोअरच्या दिवशी कळेल. यादीतनं स्नॅपशॉट गेलाय पण डिस्क मोकळी झाली नाही असं असेल तर परमिशन नीट केल्यावर क्लीनअपची एपीआय (बिनकामाच्या फाइली साफ करायची इलास्टिकसर्चची कमांड) मारा, इलास्टिकसर्च ७.४ पासून आहे, आणि उरलंसुरलं पुढच्या डिलीटला जातं. कुणी आधीच फाइली उडवल्या असतील तर मात्र तिथं डागडुजी करत बसू नका, नवा रिकामा फोल्डर, नवी रिपॉझिटरी, आणि पहिल्यापासून फुल स्नॅपशॉट.

आणि लॉगमध्ये ॲक्सेस डिनाइडऐवजी कॉन्करंट मॉडिफिकेशन, इंडेक्सची जनरेशन सापडत नाही असलं काही असेल तर मामला वेगळा, तिथं बहुतेक दोन क्लस्टर (नोडांचे वेगवेगळे गट) एकाच रिपॉझिटरीत लिहितायत. टेस्टिंगवाल्यांनी प्रॉडक्शनचीच (खऱ्या कामाच्या क्लस्टरची) रिपॉझिटरी जोडलेली असते, त्यांच्याकडं ती रीडओन्ली करून घ्या. नक्की कळत नसेल तर एररमधली सगळ्यात खालची कॉज्ड बायची (मूळ कारण सांगणारी) ओळ इथं टाका, वरच्या पन्नास ओळी नकोत.