साध्या लोकप्रिय गाण्यामागे ऑर्केस्ट्रा लावल्याने गाणं खरंच चांगलं होतं, की नुसतं भारी वाटतं?

चांगलं होतं, पण ऑर्केस्ट्राने गायकाची जागा सोडली तर. मी अनेक वर्षं ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटात, बसतो आणि नेमका याच मुद्द्यावरून माझा एका संगीतकाराशी खटका उडाला होता, म्हणून लिहितोय.

सगळ्यांना पाठ असलेलं एक संथ गाणं मोठ्या वाद्यवृंदासह बसवायचं होतं. नोटेशन हातात आलं तर मुखड्यापासून शेवटपर्यंत सगळी व्हायोलिन्स गायिकेच्याच चालीवर, त्याच सप्तकात, पूर्ण गज ओढून. बाई काळी पाचमध्ये गात होत्या. त्या पट्टीत बाईंचा आवाज फिरतो तो बराचसा व्हायोलिनच्या मधल्या दोन तारांच्या सुरांतच. व्हायचं तेच झालं, शब्द बुडाले. अंतऱ्याला त्या जोर लावू लागल्या. जी ओळ हळुवार सोडायची, ती ओरडून म्हणावी लागली. साउंडवाल्याने आम्हाला खाली घेतलं, तर संगीतकार म्हणाले, व्हायोलिन ऐकूच येत नाहीयेत.

मधल्या सुटीत मी म्हटलं, सर, पहिल्या अंतऱ्यात आम्ही थांबतो. व्हायोला आणि चेलोंना (व्हायोलिनचीच, पण खालच्या सुरांची भावंडं) खाली लांब सूर धरू द्या. ओळ संपवून बाई श्वास घेतात, तेवढ्या जागेत व्हायोलिनचं उत्तर येऊ द्या. सगळा ताफा शेवटच्या मुखड्याला. ते म्हणाले, "एवढी माणसं नुसती बसवून ठेवायला आणलीत का?" कार्यक्रम त्यांच्याच पद्धतीने झाला. टाळ्या भरपूर पडल्या, पण त्या लोकांच्या आधीपासूनच्या आवडत्या गाण्याला होत्या, त्या वाद्यांच्या संयोजनाला नव्हत्या. हे मी तेव्हाही त्यांना सांगितलं होतं.

शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते लिहिणारे संगीत संयोजक, होते. गायकाच्या ओळीमागे चालणारी वेगळी सुरावट, म्हणजे वादक जिला ऑब्लिगॅटो म्हणतात ती, ही त्यांची खासियत. चांगला ऑब्लिगॅटो शब्द थांबला की हलतो आणि शब्द सुरू झाला की मागे सरतो. बीटल्स या इंग्लिश बँडचं 'एलेनॉर रिग्बी' (१९६६) ऐका. त्यात एकाही बीटलने वाद्य वाजवलेलं नाही. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ४ व्हायोलिन, २ व्हायोला आणि २ चेलो एवढ्यांसाठीच लिहिलं, आणि माइक तारांच्या अगदी जवळ लावले होते. गजाचे तुटक, कोरडे फटकारेच ठेका धरतात. ८ वादकांत गाण्याचा एकटेपणा अंगावर येतो. संख्या वाढवून हे होत नाही.

हे सगळं शब्दप्रधान, संथ गाण्यांबद्दल आहे, हे सांगायला हवं. ठेक्याच्या गाण्यात व्हायोलिन्स चालीवरच, पण एक सप्तक वर वाजवली तर मस्त धार येते. शेवटच्या मुखड्यात चालीवर वाजवायला माझीही हरकत नाही.

तुम्ही स्वतः गाणं करत असाल तर आधी गायक आणि एकच चेलो घेऊन रेकॉर्ड करून ऐका. चेलो नसेल तर कीबोर्डवर तेवढीच एक ओळ वाजवा. मग संगीत संयोजकाकडून व्हायोलिनच्या नोटेशनचा कागद मागून घ्या आणि रेस्टचे बार, म्हणजे व्हायोलिनने गप्प बसायच्या जागा, कुठे आहेत ते बघा. अंतऱ्यात एकही सापडला नाही, तर वादकांना बोलवायच्या आधी तो कागद परत करा, संयोजक कितीही मोठा असला तरी.