सात महिने गप्प बसलेला मुलगा

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांची जर्मनीतल्या स्टुटगार्टची नोकरी पक्की झाली आहे, मुलगा शिरपूरला सेमी इंग्रजीत सातवीला आहे, तर तिकडे त्याला कोणत्या वर्गात घालतील, भाषा यायला किती दिवस लागतील आणि आतापासूनच घरात जर्मन बोलायला लागावं का. शिवाय एकटं वाटतं का, हेही विचारलंत. व्हिसा, विमा, घर, पत्त्याची नोंदणी हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ते मी लिहीत नाही. मुलाचं लिहिते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यातून तो जात नाहीये.

आम्ही चोपड्याहून २०१७ च्या नोव्हेंबरात आलो. आमच्या मुलाचं सहावीचं पहिलं सत्र झालं होतं. हुशार होता. गणितात तर चोपड्याचे त्याचे सर म्हणायचे, ह्याला फळ्यापाशी बोलावलं की मला बसायला मिळतं.

कागदपत्रांचं एवढंच सांगते, की जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर मुलाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, ते निघायच्या आधी बघा. आमच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग होतं, पासपोर्टवर दुसरं. इथल्या कचेरीत खिडकीतल्या बाई विचारत होत्या, ह्याला दोन पहिली नावं कशी, आणि त्यातलं एक वडिलांचंच कसं? आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, हे मी तीन वेळा जाऊन समजावलं. तोवर शाळा सुरू नाही.

आता वर्गाचं. इथे शिक्षण राज्यांच्या हातात आहे. सोळा राज्यं, सोळा तऱ्हा. नव्या मुलांच्या भाषावर्गाला बर्लिनकडे विलकॉमेन्सक्लास म्हणतात, आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात (स्टुटगार्टही ह्यातच) फोरबेराइटुंग्सक्लास, म्हणजे तयारीचा वर्ग. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाकडे नेणारं गिमनाझिउम वेगळं, मधली रेआलशूल वेगळी, कामधंद्याकडे नेणारी वेर्करेआलशूल वेगळी. तुमचा मुलगा त्या वाटणीनंतर येतोय. तयारीचा वर्ग ज्या शाळेत असेल, त्याच शाळेच्या पुढच्या वर्गात मूल पुष्कळदा आपोआप सरकतं. हे मला कोणी सांगितलं नाही. आमच्या गावातला तयारीचा वर्ग वेर्करेआलशूलमध्ये होता. मुलगा दहा महिने तिथे बसला आणि त्याच शाळेत परत सहावीत गेला.

त्याआधी एक मीटिंग झाली. टेबलाच्या पलीकडे शाळेची दोन माणसं, अलीकडे मी आणि मुलगा. मिस्टर कामावर होते. त्यांनी मुलाला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे बघायला लागला. त्यांनी परत विचारलं, तो खाली बघायला लागला. त्यांनी वहीत काही लिहिलं, मला एक कागद दिला, हळूहळू समजावलं. मी तीन-चार वेळा 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणाले आणि सही केली. त्या कागदात काय होतं ते मी दोन वर्षांनी एका ओळखीच्या बाईंकडून नीट वाचून घेतलं. त्यात होतं की मुलाची शिकण्याची गती सावकाश दिसते.

ताई, भाषा येत नाही आणि डोकं चालत नाही, ह्यात त्या खोलीत कोणी फरक केला नाही. मीसुद्धा केला नाही.

गणिताचा पेपरही घेतला होता. त्यात तो पडला, असं मला सांगितलं. पुढे तो पेपर बघितला तेव्हा कळलं. इथे भागाकाराला दोन टिंबं देतात, गुणाकाराला मध्यावर एक टिंब. दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम, आणि हजाराच्या जागी टिंब. म्हणजे ३.५०० हे साडेतीन नव्हे, साडेतीन हजार. त्यांचा एकचा आकडा डोक्यावर शेंडी काढलेला, आपल्या मुलांना तो सातासारखा दिसतो, आणि सातावर ते आडवी रेघ मारतात. पोरानं साडेतीन धरून पुढचं सगळं बरोबर केलं होतं. एकही पायरी चुकलेली नव्हती. तो पेपर मी जपून ठेवलाय. अजून काढून बघते.

म्हणून मुलाला येण्याआधी आठवडाभर ह्या खुणा शिकवा, बाकी जर्मन नाही आलं तरी चालेल. त्याची सातवीची गणिताची वही आणा, नुसता निकालपत्रक नको. त्यांना आपले टक्के कळत नाहीत, इथे १ हा सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. वही त्यांना कळते. आणि पहिल्याच दिवशी मागा की गणित, इंग्रजी, खेळ आणि चित्रकला ह्या तासांना त्याला नेहमीच्या वर्गात बसू द्या. मागितलं तर पुष्कळदा देतात. सेमीचा मुलगा इंग्रजीत इथल्या सातवीच्या पुढेही असू शकतो. त्या एका तासाला वर्ग त्याच्याकडे बघेल, आणि त्याला ते फार लागणार आहे.

भाषेला किती दिवस? कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स ह्यांनी फार पूर्वी मांडलंय की खेळण्या-बोलण्याची भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकाची, परीक्षेची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. माझ्या मुलाचं तसंच झालं. मधल्या काळात शिक्षक म्हणतात, बोलतो तर छान, मग पेपरात का लिहीत नाही, आळशी आहे. तेव्हा भांडा.

आपल्या मुलांना दोन गोष्टी सोप्या जातात. जर्मनमध्ये पंचवीसला फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश म्हणतात, पाच आणि वीस. आपलं पंचवीस तसंच आहे, आधी एकक. इंग्रजीतून मोजणारी मुलं तिथे अडखळतात. आणि डेर, डी, दास म्हणजे तो, ती, ते. कोणत्या शब्दाला काय, ते पाठ करावं लागतं, पण वस्तूला लिंग असतं हे त्याला कोणी समजवायला नको.

आणि घरात काय बोलावं, ह्याचं उत्तर मला आधी माहीत असायला हवं होतं, कारण मी स्वतः शिक्षिका. अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यातली चार सातपुड्याच्या पायथ्याला, पावरा आदिवासींच्या वस्तीत. मुलं घरी पावरी बोलायची, मी मराठी. दुसरीत एक मुलगी होती, दाराजवळ बसायची. वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही. सुट्टीत शाळेमागे शेळ्या असायच्या तिच्या, त्या मोजून आणताना तिचा हिशेब कधी चुकला नाही, ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे. तरी वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं, 'अभिव्यक्ती कमी, सराव आवश्यक.' त्या टेबलापलीकडच्या माणसांनी माझ्या मुलाबद्दल जे लिहिलं, तेच मी तिच्याबद्दल लिहून आले होते. मी स्वतः अहिराणी घरातली, शाळेत 'माले समजनं नही' म्हटलं म्हणून हातावर छडी खाल्लेली. तरी लिहिलं.

इथल्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, घरी जर्मनच बोला, लवकर येईल. मी मराठी बंद केली. माझं जर्मन तेव्हा भाजी घेण्यापुरतं. रात्री जेवताना मी विचारायची, शाळा चांगली? तो म्हणायचा, चांगली. एवढाच संसार. आजीचा फोन आला की तो 'हो, हो' म्हणून मोबाईल माझ्याकडे द्यायचा. तिची अहिराणी त्याला कळत होती, पण उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ते त्याला कळेना. शाळेत तो सात महिने बोलला नाही, हे मला जूनमध्ये कळलं.

कसं कळलं सांगते. त्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर देवनागरीत शब्द लिहिलेले सापडले. हाउसआउफगाबं, म्हणजे गृहपाठ. पाउजं, म्हणजे मधली सुट्टी. लास इन. तीन पानं भरून, काहींपुढे प्रश्नचिन्ह. कानावर पडलेलं तो लिहून आणत होता, मला विचारायला. आणि घरात मराठी बंद होती, म्हणून विचारत नव्हता. 'लास इन' म्हणजे 'सोड त्याला'. कोण कोणाला म्हणत होतं, हे त्यानं त्या रात्री सांगितलं. मी मराठीतच विचारलं, काय झालं रे राजा, आणि तो दोन तास बोलला.

तेव्हा घरात मराठी बोला, ताई. अहिराणी येत असेल तर अहिराणी. इतिहासाचा धडा मराठीतून समजावून द्या, मग तो जर्मनमध्ये वाचू द्या. पुढच्या वर्षी मी तेच केलं.

एकटेपणाचं म्हणाल तर, पहिल्या श्रावणात घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली नाही, तेव्हा रडले. पुढे वेळ मिळाला नाही. माझं डी.एड. इथे चाललं नाही, मी आता बालवाडीत मदतनीस आहे. मिरची इथे मिळते, भरताची वांगी मिळत नाहीत.

मुलगा आता बेरुफलिशेस गिमनाझिउममध्ये, म्हणजे व्यवसायाचे विषय असलेल्या गिमनाझिउममध्ये आहे. दहावीनंतर तिथे तीन वर्षं करून आबिटुर, ही शाळेची शेवटची परीक्षा, देता येते, म्हणजे विद्यापीठाचा रस्ता उघडतो, दुसरी परकी भाषाही तिथे नव्यानं सुरू करता येते. दार बंद होत नाही, हे तुमच्या मुलाला सांगा. पण माझ्या मुलाची दीड वर्षं गेली, ती मी सही करून घालवली.

तुमच्या शाळेच्या मीटिंगची तारीख कळली की लगेच कळवा. मी रजा टाकून येते. त्या टेबलाशी एकट्या बसू नका, आणि समजल्याशिवाय सही करू नका. कागद घरी न्यायला मागा, देतात.