पहिल्या वारीला निघणाऱ्या लेकीस

प्रिय लेकी,
रामकृष्ण हरी.

यंदा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालायचं ठरवलंस, दिंडीत नाव घातलंस, भिशीही (दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी) भरलीस. फार चांगलं केलंस. ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि आषाढीला पंढरपुरात असते. वाट चारशे किलोमीटरहून जास्त, दिवस पंचवीस-सव्वीस. तू दमलीस तर कुणीतरी अभंग धरेल आणि पाय आपोआप उचलतील. घरी आई-पप्पांना तसा टाळांचा आधार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या पायांपेक्षा घराबद्दल जास्त आहे.

निघायच्या महिना-दीड महिना आधीपासून रोज पाच किलोमीटर चालायला लाग, आणि एखाद्या रविवारी नाशिकच्या त्र्यंबक रोडनं पहाटे पंधरा किलोमीटर कर. त्या दिवशी पप्पांना सोबत घे. पोरीला एवढं झेपतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की अर्धी काळजी तिथंच उतरते. बूट नवे घेऊ नकोस, याच सरावात रुळलेले घाल.

जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून जा. दिंडीचं नाव आणि क्रमांक, दिंडीप्रमुखांचा नंबर, सामानाच्या ट्रकचा नंबर, तुझ्या राहुटीतल्या एखाद्या मावशीचा नंबर आणि तारखेनिशी मुक्कामांची यादी. सगळं जाड अक्षरात, चष्मा न लावता वाचता येईल असं. घरात कुणाच्या रोजच्या गोळ्या असतील तर महिनाभराच्या आणून ठेव, सिलिंडर लावून दे. गावाकडं शेती असेल तर पेरणी नेमकी तुझ्या गैरहजेरीतच येते. कोण कधी जाणार हे आधीच ठरवून घे, नाहीतर चिडचिड होते आणि ती सगळी वारीच्या नावावर जमा होते.

आता फोनचं. इथं बहुतेकांचं चुकतं. निघताना भरल्या गळ्यानं ‘रोज दोनदा फोन करीन’ असं कबूल करतात. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपते, ट्रकवरच्या जनरेटरला तीस-चाळीस फोन रांगेत असतात, आणि घरी रात्रभर दिवा चालू राहतो. तू कमी कबूल कर आणि तेवढं पाळ. रोज मुक्कामी पोचलीस की एकच ओळीचा मेसेज: गावाचं नाव आणि ‘पोचले’. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तो आला नाही तरच त्यांनी राहुटीतल्या मावशींना फोन लावायचा, त्या न लागल्या तर दिंडीप्रमुखांना. हा नियम आईकडून वदवून घे. वाट कधीपर्यंत बघायची हे ठरलेलं असलं की झोप लागते.

बोलणं होईल तेव्हा आई विचारेल, ‘जेवलीस का?’ नुसतं ‘हो’ म्हणू नकोस. पिठलं-भाकरी होती, भाकरी जाड होती, शेवटी दोन घास ताक-भात मिळाला, असं सांग. तिला ताट दिसायला हवं. झोपायला बायकांची राहुटी वेगळी आहे, शेजारी कोण असतं, पहाटे साडेतीनला अंघोळीला कुणासोबत जातेस, हेही तिनं न विचारता सांग. मुलीच्या आईच्या मनात हेच असतं आणि तोंडावर येत नाही. पाळीची तारीख वाटेत येणार असेल तर पॅड घरूनच ने. त्या दिवसांत चालवलं नाही तर दिंडीच्या गाडीत बसायला लाजू नकोस.

आजार लपवू नकोस. आवाजावरून त्यांना कळतंच, मग अर्धवट कळलेलं फार छळतं. ताप किती, गोळी कुठली, सोबत कोण, एवढं एका दमात सांग. फोड आले तर सुईनं फोडू नकोस. वरची कातडी शाबूत असली की आत जंतू जात नाहीत. धुऊन, कोरडं करून, वर जाळीचं कापड आणि चिकटपट्टी लाव. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाल. अर्ध्या तांब्यात कालवलं तर मीठ-साखर जास्त होऊन उलटं बाधतं. चार-पाच दिवसांनी तळपायांचा फोटो घरी पाठव. हसतेस काय! हसऱ्या सेल्फीपेक्षा आई तो फोटो जास्त वेळ बघेल, टाच मोठी करून करून.

सुरुवातीचे चार-पाच दिवस दोन्हीकडं जड जातात. त्यावर सोय वाटेतच आहे. सिन्नरपुढं दातलीला रिंगण होतं. नाशकाहून गाडीनं सकाळी निघून रिंगण बघून संध्याकाळी घरी येता येतं. आई-पप्पांना तिथं बोलव. घोडा धावताना बघतील, तुझ्या दिंडीतली माणसं भेटतील, कागदावरच्या नंबरांना चेहरे येतील. मात्र घरून डबा आणू देऊ नकोस, त्यांनाच पंगतीत बसव.

पंढरपूरजवळच्या वाखरीला प्रमुख संतांच्या पालख्या जवळ येतात आणि तिथून नेटवर्कचा भरवसा नसतो. ‘दशमी ते द्वादशी फोन लागला नाही तर काळजी करू नका’ हे आदल्या आठवड्यातच सांगून ठेव. सकाळी दहाचा नियम ते तीन दिवस बंद.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. तिथं कदाचित वारकऱ्यांची तुळशीची माळ घालावीशी वाटेल. घातलीस की मांसाहार सुटला, आणि तुमचं घर खाणारं असेल तर त्याचा भार आईच्या स्वयंपाकघरावर येतो. म्हणून घालण्याआधी तिला फोन कर. परवानगीसाठी म्हणत नाही, तिला बाहेरून कळू नये एवढ्यासाठी. आणि परत आल्यावर घरच्यांना शिकवू नकोस. महिनाभर त्यांनीही दिवस मोजलेत. आधी त्यांना बोलू दे.

पौर्णिमेचा काला झाला की पंढरपूरच्या स्टँडवर तोबा गर्दी असते, एसटी मिळायला कितीही वेळ लागतो. तिथं उभी असताना ‘निघाले’ म्हणून फोन करू नकोस. गाडी गावाबाहेर पडली की कर, आणि सिन्नर सुटलं की पुन्हा एकदा, म्हणजे आई तेव्हा भात टाकेल.