लक्ष्मी विलास पॅलेस: पहिल्यांदा जाताय ना?

मुंबईहून गाडीने बडोद्याला जायचं ठरवलंत, छान केलंत! पहिल्या भेटीला एवढंच सांभाळा:

- सोमवारी पॅलेस बंद असतो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढणारे हमखास इथेच फसतात.
- सकाळी मुंबई सोडून दुपारी थेट पॅलेस, हे नका करू. चारशे किलोमीटरच्या ड्रायव्हिंगनंतर डोळे काही टिपत नाहीत. बडोद्यात मुक्काम करा, सकाळी ताजेतवाने जा. त्याच दिवशी केवडियाही (स्टॅच्यू ऑफ युनिटी) उरकायचा मोह टाळा.
- आत फोटो काढता येत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, उलट नीट बघून होतं.

दरबार हॉलमध्ये मात्र घाई अजिबात नको. ऑडिओ गाइड पुढे चला म्हणाला तरी थांबा. खाली व्हेनिसच्या पद्धतीचं मोझेक, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. सयाजीराव महाराजांनी हा वाडा वास्तुविशारद चार्ल्स मँट यांच्याकडून आखून घेतला. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही मँट यांनीच आखलेला, तो पाहिला असेल तर इथे ओळखीच्या खुणा शोधा. मँट वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं आणि 1890 मध्ये वाडा पूर्ण झाला.

आवारातलंच फत्तेसिंह संग्रहालय बरेच जण वेळ नाही म्हणून सोडतात. माझ्या मते ती सर्वांत मोठी चूक! राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथे हातभर अंतरावरून बघायला मिळतात. तास-दीड तास त्यासाठीच ठेवा.

राजघराणं अजून वाड्यात राहतं, त्यामुळे बंद दारांपाशी रेंगाळू नका. वास्तुशैलीची चर्चा तुम्ही जाऊन आल्यावर करू.