यानं कुठंयत, आजोबा?

प्रश्न : 'डीप स्पेस नाईन' या अंतराळ-मालिकेचा 'ड्युएट' हा भाग नातवासोबत पुन्हा पाहिला. तो म्हणतो, "यानं कुठंयत? नुसती बडबड!" त्याला काय सांगू? – एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर : काका, नातू खोटं बोलत नाही. १९९३चा, पहिल्या सीझनचा हा भाग जवळपास कोठडीतच घडतो. पण ती बडबड ऐका तरी! कैदी छाती फुगवून सांगतो, छळछावणीचा कसाई तो मीच. निघतो साधा फायली लावणारा कारकून, रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून घेणारा. आपल्या लोकांनी गुन्हा कबूल करावा, म्हणून त्याला स्वतःवर खटला हवाय. चौकशी करणाऱ्या कीराने सोंग ओळखलं की कैद्याचं काम करणाऱ्या हॅरिस युलिनचा तो गडगडाटी आवाज कसा फुटतो, तेवढं रिवाइंड करून दाखवा.

शेवट मात्र मला खटकतो. कारकुनाला भोसकणारा दारुडा आधी दिसतो खरा, तरी तो सुरा घाईत खुपसल्यासारखा वाटतो. लेखकाला कारकुनाचं पुढे काय करावं सुचलं नसावं, असा माझा आपला संशय!

नातवाला यानंच हवीत ना? सहाव्या सीझनचा 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' लावा. ताफेच्या ताफे भिडतात.